नवा गेम नेमणे आहे

चाळिशीनंतर माणसानं काय खावं, किती चालावं, कोणत्या फंडात पैसे गुंतवावेत आणि झोपताना डोकं कोणत्या दिशेला करावं, यावर मराठीत उदंड मार्गदर्शन मिळतं. चाळिशीनंतर कोणता ऑनलाइन गेम खेळावा, यावर एक ओळ सापडत नाही. गेम हा मुलांचा विषय आणि काळजी हा पालकांचा, अशी आपल्याकडे कामाची वाटणी झालेली आहे. या वाटणीत आमची पिढी कुठंच बसत नाही. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं बसणारी ही पोरं आता मुलांच्या फिया भरतात, बीपीची गोळी घेतात आणि रात्री साडेदहाला दार लोटून चिलखत चढवतात. फरक एवढाच, की तेव्हा तास कॅफेवाला मोजायचा, आता घरचे मोजतात.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमएमओआरपीजी या अगडबंब अक्षरांचा अर्थ एवढाच, की जगभरातले हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक जगात नांदतात. आपण एक पात्र घ्यायचं, त्याच्याकडून रानडुकरं मारून घ्यायची, गावकऱ्यांची अडलेली कामं करून द्यायची आणि लेव्हल एकपासून वर चढत राहायचं. पब्जीत अर्ध्या तासात कळतं कोण जिंकलं. इथं दहा वर्षांनीही कळत नाही. त्यामुळे हे गेम संपत नाहीत, सोडावे लागतात.

मी असाच एक सोडला. त्याचं नाव घेत नाही. तो अजून चालू आहे, आणि माझं पात्र त्यातल्या कुठल्याशा सराईत कुऱ्हाड खांद्यावर टाकून उभं असेल. गेम वाईट नव्हता, फक्त त्याची नोकरी झाली होती. रोजची कामं रोज, आठवड्याची आठवड्याला, आणि दोन रात्री रेड. रेड म्हणजे पंधरा-वीस जणांनी मिळून एका अजस्र राक्षसाला मारणं. ऐकायला शौर्याचं वाटतं. प्रत्यक्षात त्याला हजेरीपट होता, उशिरा येणाऱ्याला ताकीद होती आणि गैरहजर राहायचं तर कारण आगाऊ कळवावं लागे. पुतण्याच्या हळदीला मी ऑफिसात नुसतं तोंडी सांगून गेलो. लेखी अर्ज केला तो गिल्डकडे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या टोळीकडे. गिल्ड युरोपातलं असल्यामुळे त्यांची रात्रीची आठची वेळ म्हणजे नाशिकला उन्हाळ्यात साडेअकरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप घड्याळ मागं घेतं, आपण घेत नाही, त्यामुळे हिवाळ्यात साडेबारा. गिल्डचा म्होरक्या डेन्मार्कमधला कॉलेजचा पोरगा होता. त्यानं एके रात्री मला बाजूला घेऊन, माझ्या कामगिरीबद्दल त्याला काळजी वाटते, असं फार सभ्यपणे सांगितलं. हे वाक्य त्याच दिवशी दुपारी मी अंबडच्या कारखान्यात एकदा ऐकलं होतं. एकाच दिवसात दोन साहेब परवडत नाहीत. पहिल्याकडून पगार मिळतो, म्हणून दुसरा सोडला.

माझ्याबरोबर आणखी तिघांनी सोडला. तिघंही नाशिकचे. गेम सोडण्याचं एक बरं असतं: फंडाचे फॉर्म भरावे लागत नाहीत. वाईट एवढंच, की रात्रीचे दोन-तीन तास एकदम अंगावर येतात. पहिल्या आठवड्यात आम्ही चौघांनीही आपापल्या घरात लक्ष घातलं. डाळींचे डबे तपासले, मुलांना अभ्यास विचारला, लाइटचं बिल कसं कमी करता येईल यावर बोललो. दुसऱ्या आठवड्यात बायकोनं विचारलं, "दुसरा एखादा चांगला नाही का हो निघाला?"

नाशिकमध्ये गंभीर निर्णय रविवारी सकाळी आणि मिसळीवर होतात. गंगापूर रोडला शहर संपतं तिथं एका मळ्यात आम्ही बसलो. काळा रस्सा, पापड, वर दही, आणि पुढ्यात प्रश्न: आता कोणता?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, आणि याचं कारण एका इंग्रजानं फार पूर्वी लिहून ठेवलेलं आहे. रिचर्ड बार्टल त्याचं नाव. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं असा पहिला गेम रचायला घेतला आणि बार्टलनं तो पुढं नेला. त्यात चित्र नव्हतंच. गुहा, दिवा, तलवार, सगळं लिहून कळायचं. पुढं १९९६ मध्ये बार्टलनं खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांचे चार रंग दिले. खजिन्यामागं धावणारे ते चौकट, खणत-उकरत फिरणारे ते इस्पिक, माणसांत रमणारे ते बदाम, आणि दुसऱ्याच्या डोक्यात सोटा घालण्यातच ज्यांना सुख वाटतं ते किलवर. मेंढीकोट खेळत मोठं झालेल्या माणसाला हे सांगायला इंग्रज प्राध्यापक लागावा, याचं मला वाईट वाटतं; पण वर्गवारी अचूक आहे.

आम्ही चौघं म्हणजे चार रंगांचं एकेक पान. मी चौकट. मला लेव्हल वाढलेली दिसली पाहिजे, बिल्ला मिळाला पाहिजे, पट्टी पुढं सरकली पाहिजे. आमचा इस्पिक शाळेत भूगोल शिकवतो, सुट्टीत अंजनेरी आणि हरिहर चढतो आणि गेममध्येही तेच करतो. लढाई ऐन रंगात आली की हा डोंगराच्या मागं काय आहे ते बघायला गेलेला असतो. बदाम विमा एजंट आहे. त्यानं आजवर राक्षस फारसे मारले नाहीत, पण नॉर्वेच्या एका धनुर्धराच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हे त्याला माहीत असतं. आणि किलवर आमचे डॉक्टर, दातांचे. दिवसभर लोकांना "अजिबात दुखणार नाही" म्हणून सांगणारा हा मवाळ माणूस रात्री झुडपात दबा धरून बसतो आणि नवशिक्यांना लुटतो. त्याच्या पेशंटांना यातलं काही ठाऊक नाही, आणि ते तसंच राहिलेलं बरं.

पत्त्यांचा विषय काढताना आमच्या जिल्ह्यात सध्या माणूस जरा इकडंतिकडं बघतो. जुलै २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आपोआप आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. याचा राजकीय अर्थ राजकारणातल्यांनी काढावा. नाशिकच्या गेम खेळणाऱ्या मंडळींनी एवढाच बोध घेतला, की घरच्यांना वाटतं तसं काही नाही, गेमचा आणि करिअरचा संबंध असतो.

पुढच्याच महिन्यात संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. आमच्या मातोश्रींनी बातमी ऐकून, माझ्याकडं न बघता, विचारलं, "सरकारनं बंद केले ना रे ते गेम?" बंद झाले ते पैसे लावून खेळायचे. वर्गणी भरून राक्षस मारायला कायद्याची हरकत नाही. वर्गणी म्हणजे डाव नव्हे, एवढं त्यात स्पष्ट आहे. आईचा विश्वास बसला नाही. तिचंही बरोबर आहे. पब्जी २०२० च्या सप्टेंबरात गेला, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय हे नाव घेऊन परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आला. तेव्हापासून गेम बंद झाल्याच्या बातमीवर आमच्या घरात कोणी पेढे आणत नाही.

तर मिसळीवर अटी ठरल्या. रोज हजेरी नको. हजेरीपट तर नकोच. दरमहा डॉलर जायला नकोत. साहेब वीस वर्षांचा नको. मधे महिनाभर खेळलो नाही तर काही बिघडायला नको. थोडक्यात, आराम हवा. ही शेवटची अट सगळ्यांनी एकमुखानं मंजूर केली आणि मग एकेक उमेदवार मुलाखतीला बोलावला.

पहिलं नाव अर्थातच वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. नोव्हेंबर २००४ चा हा गेम. २०१० साली त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले होते. अमेरिकेत त्याची महिन्याची वर्गणी तेव्हा १४.९९ डॉलर होती, आजही तेवढीच आहे. वीस वर्षांत किंमत न वाढवणाऱ्या कंपनीचं कौतुक करायला हरकत नव्हती, पण तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता आणि आता जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे त्यांनी काही वाढवलं नाही, आम्हाला मात्र वाढीव पडतं. शिवाय तिथं अलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष, आणि आपण कोणाचे हे आरंभीच ठरवायचं. मानपानावरून दोन तट पडणं नाशिकला परकं नाही. सिंहस्थात आधी स्नान कोणी करायचं यावरून पेशवाईत शैव आणि वैष्णव आखाड्यांत रक्तपात झाला, तेव्हापासून शैव त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव नाशकात रामकुंडावर स्नान करतात. दोन सर्व्हर वेगळे केले की भांडण मिटतं, हे पेशव्यांना तेव्हाच कळलं होतं. वॉरक्राफ्टनं उलट केलं: २०२२ मध्ये दोन्ही पक्षांना एकत्र मोहिमेवर जायची मुभा दिली. डॉक्टर म्हणाले, "मग मारायचं कोणाला?" नाव खोडलं.

इस्पिकानं गिल्ड वॉर्स दोन सुचवला. ऑगस्ट २०१२ चा. मासिक वर्गणी नाही, मूळ गेम फुकट, मोक्याच्या जागी चढून देखावा पाहिला तर त्याचेही गुण मिळतात, आणि कडेकपारींत उड्या मारत जायच्या अवघड वाटा जागोजागी. गुरुजींचे डोळे लकाकले. मी विचारलं, "लेव्हल कितीपर्यंत?" ऐंशी. "मग पुढं?" पुढं काही नाही. २०१२ ला ऐंशी होती, आजही ऐंशीच. नवे प्रदेश येतात, नव्या कथा येतात, पण कालची तलवार आजही चालते. माझ्यातला चौकट हादरला. आयुष्यभर ऐंशीवरच राहायचं? बढतीच नाही? इथं आराम आहे, असं गुरुजी म्हणत राहिले. तीच तर माझी हरकत होती.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये वेगळाच घोळ. २०१६ पासून तिथं असं केलंय, की कालचा पोरगा आणि दहा वर्षांचा जुना खेळाडू एकाच प्रदेशात, जवळजवळ सारख्याच बळानं फिरू शकतात. कोणी कुठंही जावं, कोणाहीबरोबर लढावं. तत्त्व म्हणून हे फार उदात्त आहे. पण ज्यानं सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपलं नाव वर सरकताना बघण्यात हयात घालवली, त्याला समता खेळात तरी नको असते.

बदामाचा कौल फायनल फँटसी चौदाला. या गेमची कहाणी महापालिकेनं वाचावी अशी आहे. २०१० मध्ये तो आला तेव्हा इतका फसला, की कंपनीनं डागडुजी करून भागणार नाही हे ओळखलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये कथेतला चंद्र त्या जगावर आदळवून सगळं बेचिराख केलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवं जग उभं केलं. खड्डे बुजवण्याची ही पद्धत आमच्याकडं अजून कोणाला सुचलेली नाही. त्याचे प्रमुख नाओकी योशिदा खेळणाऱ्यांना जाहीरपणे सांगतात, की कंटाळा आला तर थांबा, दुसरं काही खेळा, वाटेल तेव्हा परत या. असा साहेब मी पाहिलेला नाही, म्हणून मला संशय आला. संशय खरा निघाला. त्या जगात स्वतःचं घर घेता येतं, पण घरं थोडी आणि माणसं फार, त्यामुळे सोडत निघते. म्हाडासारखी! आणि सोडतीत घर लागलं, तरी पंचेचाळीस दिवस मालकानं उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, तर ते जातं. म्हणजे सुट्टीवर खुशाल जा, पण मधे येऊन झाडलोट करून जा. ज्या समाजाला बंद फ्लॅटच्या काळजीनं चारधाममध्ये झोप लागत नाही, त्या समाजानं हा ताप विकत का घ्यावा?

डॉक्टरांचा उमेदवार ईव्ह ऑनलाइन. आइसलंडच्या कंपनीचा, २००३ चा. अंतराळ, जहाजं, व्यापार, आणि दुसऱ्याला लुबाडणं हा गुन्हा नसून व्यवसाय. जानेवारी २०१४ मध्ये तिथं हजारो लोकांची लढाई झाली, ती वीस तासांहून जास्त चालली आणि बुडालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज निघाला. युद्धाचं कारण? एका गटाकडून आपल्या ताब्यातल्या प्रदेशाचं ठरलेलं बिल भरायचं राहिलं. हप्ता चुकला, ताबा सुटला, शत्रू घुसला. १ ऑक्टोबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं कार्डावरून परस्पर जाणाऱ्या हप्त्यांचे नियम कडक केले, तेव्हा भारतातल्या अनेकांच्या परदेशी वर्गण्या अशाच अडकल्या होत्या. ईव्हमध्ये असतो तर आमच्यावर आरमार चालून आलं असतं.

इथं आमच्या सासऱ्यांचा प्रवेश होतो. नाना नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून जिथं देशाच्या नोटा छापतात, तिथं उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. हल्ली ते आमच्याकडं असतात आणि मी वेगवेगळ्या गेमची चाचणी घेत असताना मागं खुर्ची टाकून बसतात. माझ्या पात्रानं एका लांडग्याला मारलं आणि जमिनीवर सोन्याची नाणी पडली, तेव्हा ते पुढं झुकले.

"जावईबापू, लांडग्याकडं पैसे कुठून आले?"

"असतात, नाना. प्रत्येकाकडं असतात."

"हे छापतं कोण?"

"कोणी नाही. लांडगा मेला की तयार होतात."

"आणि लांडगे किती?"

"मारले की पुन्हा येतात."

नाना बराच वेळ गप्प राहिले. जिथं नोटांचा एकेक कागद मोजून घेतला आणि मोजून दिला जातो, त्या जगातला तो माणूस. शेवटी म्हणाले, "मग भाजी काय भावानं मिळत असेल तिथं?"

नेमका हाच प्रश्न या सगळ्या कंपन्यांना रात्रंदिवस छळतो. हजारो लोक अहोरात्र लांडगे मारतात, सोनं वाढतच जातं, आणि कालचा दहा मोहरांचा घोडा आज हजाराला जातो. म्हणून मग चिलखताची दुरुस्ती, प्रवासाचं भाडं, बाजारातला कर, अशी भोकं मुद्दाम पाडून ठेवतात, की लोकांकडचं सोनं त्यातून गळून जावं. ईव्हवाल्यांनी तर २००७ मध्ये अर्थशास्त्राचा डॉक्टर पगारावर ठेवला होता, एयोल्फुर गुडमुंडसन. तो पुढं आइसलंडमधल्याच एका विद्यापीठाचा कुलगुरू झाला. उलटंही घडतं. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं, तेव्हा तिथली माणसं रुनस्केप नावाच्या गेममध्ये ड्रॅगन मारून सोनं गोळा करत आणि ते परदेशी खेळाडूंना विकून घर चालवत. कंपनीच्या नियमांत हे बसत नव्हतं, पण ते सोनं त्यांच्या सरकारी नोटेपेक्षा जास्त भरवशाचं होतं. हे ऐकल्यावर नाना उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

ईव्हमधली एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. तिथं कौशल्य शिकायला लावून ठेवायचं आणि कॉम्प्युटर बंद करायचा. तुम्ही झोपलात, गावाला गेलात, तरी ते घड्याळाच्या काट्यानं वाढत राहतं. "म्हणजे माणूस कामावर नसला तरी वेतनवाढ चालू," नाना म्हणाले. "ही नोकरी चांगली आहे. ही सोडू नका." 'नोकरी' हा शब्द ऐकून मला जरा बोचलं, कारण आम्ही शोधत होतो तो आराम.

पण पुढच्या रविवारी मिसळीवर सगळे शेरे एकत्र मांडले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. ज्यात वर्गणी नाही, त्याचा आम्हाला भरवसा वाटला नाही. ज्यात बढती नाही, त्यात राम वाटला नाही. ज्यात सगळे समान, तो अन्याय वाटला. साहेब रजा घ्या म्हणतो, तर त्याच्या हेतूची शंका आली. चारही जणांनी आरामाच्या अटीवर सह्या केल्या होत्या आणि प्रत्येक गेम आम्ही नाकारला तो त्यात काम कमी आहे किंवा कामाची नीट नोंद होत नाही म्हणून. मराठी मध्यमवर्गीयाला करमणूक चालते, पण तिच्यात थोडे कष्ट, थोडी बचत आणि एक वही असावी लागते. गेममध्ये मिळालेली संजीवनी बाटली आमच्या चौघांपैकी एकानंही आजवर प्यायलेली नाही. अडीनडीला असू दे म्हणून पेटीत ठेवतो आणि मरतो.

यात लाजण्यासारखंही काही नाही. कारखान्यात मी वर्षभर राबतो आणि मार्चमध्ये कळतं, की यंदा सगळ्यांना सारखंच. गुरुजी निवडणुकीच्या याद्या करतात, जनगणना करतात, मधल्या वेळात शिकवतात. कष्ट आणि फळ यांची गाठ कुठं पडताना दिसत नाही. गेममध्ये एक डुक्कर मारलं की एका डुकराएवढी पट्टी पुढं सरकते, त्याच क्षणी, कोणाची शिफारस न लागता. आम्ही नोकरीला कंटाळलो नव्हतो. जिथं केलेलं काम लगेच दिसतं अशी नोकरी शोधत होतो, आणि ती फक्त राक्षसांच्या खात्यात निघते.

उरला एक तांत्रिक मुद्दा, आणि त्यानंच निकाल लावला. पिंग. आपण बटण दाबल्यापासून ते तिकडं पोचून उत्तर येईपर्यंतचा वेळ. 'समृद्धी' महामार्ग झाल्यापासून नाशिककर मुंबईला लवकर पोचतो, पण बऱ्याच मोठ्या गेमांचे जवळचे सर्व्हर बसलेत युरोपात. तिथवर जाऊन यायला सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो, आणि तेवढ्यात राक्षसाचा पाय पडून गेलेला असतो. त्यात भूगोल आड येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबली तुटल्या आणि भारताचं इंटरनेट मंदावलं. तिकडं समुद्राच्या तळाशी तार तुटते, इकडं इंदिरानगरमध्ये माझा जखमी सैनिक औषधाची वाट बघत मरतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदायला घेतल्यापासून लाल समुद्राचीही गरज उरलेली नाही. गल्लीतला कोणताही जेसीबी ते काम करतो.

तेव्हा गुरुजींनी ओल्ड स्कूल रुनस्केपचं नाव काढलं. केंब्रिजचा गेम. मूळ रुनस्केप २००१ चा. पुढं तो इतका बदलला, की जुन्या लोकांनी आमचा जुनाच परत द्या म्हणून मतदान केलं आणि कंपनीनं २००७ ची जपून ठेवलेली प्रत काढून २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. चित्रं ओबडधोबड, कोणत्याही जुन्या लॅपटॉपवर, मोबाइलवरही चालतो. आणि मुख्य म्हणजे, ते जग स्वतःच ०.६ सेकंदाला एकदा हलतं. तुम्ही कितीही घाई करा, पुढचा टोला ठरल्या वेळीच पडणार. आपली दीडशे मिलिसेकंदांची दिरंगाई त्या निवांतपणात कुठल्या कुठं विरून जाते. इतक्या सावकाश हलणारं जग इंग्लंडात तयार व्हावं आणि नाशिकला सुचू नये, याचं आश्चर्य वाटलं.

बाकीच्या अटी आपोआप जुळल्या. गुरुजींना नकाशा मोठा आहे. बदामाला एक बाजारपेठ आहे, तिथं शेकडो लोक दिवसभर काही न करता उभे असतात. डॉक्टरांना उत्तरेला एक ओसाड मुलूख आहे, जिथं कोणीही कोणालाही लुटावं. आणि मला लाकूडतोड. झाड तोडायचं, गुण मिळवायचे, पुन्हा झाड तोडायचं. वरची पायरी ९९, आणि तिला १,३०,३४,४३१ गुण लागतात. पायऱ्या अशा चढत्या भाजणीनं ठेवल्यात, की ९२ वर पोचलं म्हणजे निम्मा रस्ता झाला. हे कळलं तेव्हा माझ्या मनाला जो विसावा मिळाला, तो सांगून पटायचा नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही खरोखरच मोकळे होतो. मग बदामानं ग्रुप काढला, ग्रुपला नियम आले, गुरुजींनी कोणी कोणता मुलूख बघायचा याची वाटणी केली, डॉक्टरांनी आठवड्यातली एक रात्र सक्तीची केली, आणि एक्सेलमध्ये प्रत्येकाची हजेरी व लाकडं यांचा तक्ता मी केला. तक्ता फार सुबक झालाय. साहेब मात्र वीस वर्षांचा नाही, ही एक अट आम्ही पाळली.

नानांना मी हे सगळं समजावून सांगितलं. झाडं, गुण, ९२, ९९. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि ९९ झाल्यावर काय?"

"त्या कामाचं संपलं, नाना. मग आपल्याला एक झगा मिळतो. पाठीवर घालायचा. सगळ्यांना दिसतं, की यानं आयुष्य लाकडं तोडण्यात घालवलं."

"म्हणजे निरोप समारंभाची शाल."

"तसंच. फक्त ती विकत घ्यावी लागते. नव्याण्णव हजार मोहरांना."

नानांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या प्रेसमध्ये पद्धत बरी होती," ते म्हणाले. "नारळ तरी फुकट द्यायचे."